पुढे सरकवलेलं तबक

शांतवनला मधुमेह नव्हता. चहात दोन चमचे साखर, आंब्याच्या दिवसांत रसाच्या वाट्यांवर वाट्या, आणि वर डॉक्टरांनी पाठ थोपटलेली. पण रत्नागिरीतल्या त्याच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, की शांतवनमामांना शुगर आहे. कारण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं तबक बाकांवरून हातोहात फिरत यायचं, त्यात भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले, आणि शांतवन ते तसंच शेजारच्याकडे सरकवायचा. "रस गोड असतो ना," असं वर पुटपुटायचा. रस गोड, ते ठीक. मग भाकरीने काय घोडं मारलं होतं? पण हे कुणी विचारलं नाही. माणसांना एक कारण मिळालं की बस्स, पुढे डोकं कोण चालवतो!

खरं कारण फक्त त्याच्या बायकोला, कमलिनीला माहीत होतं. ते कारण शहराच्या दुसऱ्या टोकाला, नाचणे गावात राहत होतं. रूथ, शांतवनची थोरली बहीण. दोघांत बोलणं नव्हतं. साधा सलामसुद्धा नव्हता, आणि ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला रस्त्यात सलाम न करणं म्हणजे तोंडावर दार आपटणंच.

त्यांचे वडील मास्तर होते, देवळातले पंच होते आणि तऱ्हेवाईकही होते. आमच्या जुन्या माणसांसारखं तेही चर्चला देऊळच म्हणत. घरात त्यांचा एक कायदा होता: ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी आधी गोड हो, मग प्रभूच्या मेजाला हात लाव. एकदा सायकलीवरून बहीणभावाचं जुंपलं, तर दोघांना त्यांनी रविवारी शेवटच्या बाकावर बसवलं आणि तबक त्यांच्या नाकासमोरून पुढे जाऊ दिलं. शांतवन तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. सगळ्या मंडळीसमोर लाज गेली होती. तो कायदा त्याच्या अंगात असा मुरला, की म्हातारपणीही सुटेना.

आता मंडळी फुटली ती कशावरून, हे सांगितलं तर हसाल. कोकमावरून.

रूथचे यजमान एलीशाभावोजी सरळ माणूस. प्रभुभोजनाचा रस करायचं काम त्यांच्याकडे. आदल्या दिवशी मनुका भिजत घालायच्या, सकाळी उकळून गाळायच्या. एका धो धो पावसाच्या रविवारी डबा उघडून बघतात तर मनुकांवर हातभर बुरशी! बाजार बंद, रस्त्यात पाणी. भावोजींनी घरातल्या कोकमाच्या सरबताची बाटली घेतली, पाणी घातलं, पेले भरले. रंग तोच. बिचाऱ्याने मनातल्या मनात देवाची परवानगी घेतली असणार. पण पहिल्या बाकावर बसलेल्या शांतवनने पेला ओठाला लावला आणि त्याची जीभ, जी कधीच त्याच्या ताब्यात नव्हती, सुटली. "भावोजी, पुढच्या वेळी बरोबर भातही आणा!"

सगळं देऊळ हसलं. पाळकसाहेबांनासुद्धा खोकला आल्याचं नाटक करावं लागलं. भावोजींनी तबक मेजावर ठेवलं आणि ते पावसात छत्रीशिवाय निघून गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तर काय हवं होतं! पण पुढच्या आठवड्यात वाद सुरू झाला, की ते प्रभुभोजन झालं की नाही. कोण म्हणे पाप झालं, कोण म्हणे देव अंतःकरण बघतो, बाटली बघत नाही. त्यातून जुनी उणीदुणी निघाली. पंच कोण, पेटी वाजवायची की गिटार, कुणाच्या पोराला कोणी हटकलं. नाताळपर्यंत निम्मी घरं बाहेर पडली आणि कुवारबावला एक हॉल भाड्याने घेऊन बसली. भावोजी आणि रूथ त्यांच्यात सगळ्यात पुढे.

हेही एक वेळ मिटलं असतं. न मिटण्यासारखं जे झालं, ते शांतवनने केलं.

रूथच्या मुलीचं, उर्वीचं लग्न मे महिन्यात ठरलं. ते जुन्या देवळातच व्हावं असा रूथचा हट्ट, कारण तिचं स्वतःचं लग्न तिथेच लागलं होतं आणि तिच्या आईचंही. देवळाच्या कमिटीत तेव्हा तीन म्हातारे. त्यांनी खूप खल केला आणि शेवटी शांतवनला म्हणाले, "भाची तुझी, चावी तुझ्याकडे. तूच काय ते ठरव." शांतवन उघडणारच होता. तेवढ्यात पत्रिका आली, आणि ती आली शेजारणीच्या हातून. सख्ख्या भावाला, उर्वीच्या मामाला, पत्रिका शेजारीण देऊन गेली! शांतवनच्या डोक्यात तिडीक गेली. लग्नाच्या सकाळी त्याने देवळाला कुलूप घातलं, फोन बंद केला, आणि स्कूटर काढून पूर्णगडला मित्राकडे जाऊन बसला. तिथे खाडीवरच्या वाऱ्यात त्याने सुरमई खाल्ली. चव लागली नाही, हे त्याने कमलिनीलाही कधी सांगितलं नाही.

उर्वीचं लग्न रस्त्यावर लागलं, कुलपासमोर, मे महिन्याच्या उन्हात. पांढऱ्या साडीतली नवरी घामाने भिजली, नवऱ्याकडच्या एका आजीला भोवळ आली. त्या तिघा म्हाताऱ्यांनी मंडळीची अब्रू झाकायला सांगून टाकलं, "निर्णय कमिटीचा." शांतवन गप्प राहिला. कमिटी या शब्दामागे माणूस किती आरामात लपू शकतो! पण पुढच्या प्रभुभोजनाला तबक समोर आलं आणि त्याचा हात उठला नाही. तेव्हापासून शुगर.

त्याने काही केलं नाही असं नाही. कमलिनीबरोबर ओल्या काजूंची उसळ पाठवली, रूथच्या आवडीची. डबा परत आला तो घासूनपुसून, रिकामा. कोकणात भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. कमलिनी म्हणाली, "कळलं ना काय ते?" कळलं होतं.

मग गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात भावोजी वारले. शांतवन दफनाला गेला, पण आत जायचं धाडस झालं नाही. दफनभूमीच्या चिऱ्यांच्या गडग्याबाहेर उभा राहिला, चप्पल हातात घेऊन, का ते देव जाणे. आतून रूथने त्याला पाहिलं. दोघांची नजर भेटली आणि तिने मान वळवली.

सगळ्यात जास्त त्याला छळायचा तो तिचा आवाज. जुन्या दिवसांत देवळात गीत उचलायची ती रूथ. पेटी सुरू व्हायच्या आधी तिचा सूर यायचा, नेमका, ना वर ना खाली, आणि सगळी मंडळी त्यावर बिनधास्त पाय टाकायची. ती गेल्यावर कुणीही गीत उचलायचं, कुठेही उचलायचं. दुसऱ्या कडव्याला बायका किंचाळायच्या आणि पुरुष नुसते ओठ हलवायचे. शांतवनला ते असह्य व्हायचं. बाजारातून येताना तो विनाकारण नाचण्यावरून वळसा घ्यायचा. तिच्या घरासमोर स्कूटर हळू करायचा. कधी आतून भांड्यांचा आवाज यायचा, कधी टीव्हीचा. गाण्याचा कधीच नाही.

एका जागी मात्र तो सूर वर्षातून एकदा मिळायचा. मंडळ्या दोन झाल्या तरी दफनभूमी एकच. मेलेल्यांची फाळणी कशी करणार? त्यामुळे ईस्टरच्या पहाटे कबरींमध्ये जी उपासना होते, तिच्या दोघांनी वेळा वाटून घेतल्या होत्या. आधी जुन्या देवळाची मंडळी, मग उजाडल्यावर कुवारबावची. मधे एकमेकांची तोंडं दिसू नयेत एवढी फट. शांतवन आपली उपासना झाली की घरी जायच्या मिषाने निघायचा, आणि काजूच्या झाडांमागे थांबायचा. रूथ गीत उचलायची, ते ऐकायचं आणि मग जायचं. बास, एवढीच त्याची वर्षभराची मिळकत.

यंदा उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, कमलिनी बाजारातून आली ती पिशवी न ठेवताच म्हणाली, "उर्वी आलीय. ताईंना नाशिकला घेऊन चाललीय, कायमची. घर रिकामं करतायत. सोमवारी निघणार."

"या सोमवारी?"

"ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी. आता तरी काय ते करा. नाहीतर जन्मभर बसा तबक सरकवत."

शांतवनने सगळ्या वाटा मनात चाचपून पाहिल्या. दाराशी जावं, तर ती दार लावील. फोन करावा, तर ठेवील. मग त्याला एक युक्ती सुचली. ईस्टरच्या सकाळी एक म्हणतो, "प्रभू उठला आहे," आणि दुसऱ्याला म्हणावंच लागतं, "खरोखर उठला आहे." मग समोर वैरी असो नाहीतर सावकार. सलाम नाकारता येतो, हे नाकारता येत नाही. रूथ तर मास्तरांची मुलगी, ती उत्तर देणारच! आणि एकदा तोंड उघडलं की पुढचं आपोआप येईल. शांतवन स्वतःवर इतका खूश झाला, की शनिवारी त्याने इस्त्रीचा सदरा स्वतः काढून ठेवला. कमलिनीने विचारलं तेव्हा म्हणाला, "बघच तू."

ईस्टरची पहाट झाली. त्यांची उपासना आटपली, लोक मेणबत्त्या विझवून पांगले. शांतवन या वेळी काजूमागे गेला नाही. आईवडिलांच्या कबरीपाशी उभा राहिला, अगदी वाटेवर. झुंजुमुंजू झालं, आणि फाटकातून कुवारबावची मंडळी येऊ लागली. त्याला बघून पुढचे थबकले, मागचे त्यांच्यावर आदळले. त्यांच्यात रूथ होती. केस पार पांढरे, हातात सुरंगीचे गजरे, एका बाजूने उर्वीने दंड धरलेला. ती एवढी वाकली असेल, हे त्याला स्कूटरवरून कधी दिसलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, आणि आवाज चिरकला. "प्रभू उठला आहे!"

रूथ थांबली. सगळे थांबले. तिने त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"खरोखर उठला आहे," ती म्हणाली. शब्द न् शब्द स्पष्ट. आणि त्याला वळसा घालून पुढे गेली.

शांतवन वेडा, आनंदाने मागोमाग धावला. "ताई, बोललीस! बोललीस ना माझ्याशी!"

"त्याच्याविषयी बोलले. तुझ्याशी नाही." तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "देवाच्या नावाचा गळ टाकून मला पकडतोस होय रे? लाज नाही वाटत?"

कुणीतरी खुसखुसलं. शांतवनचे कान तापले. आयुष्यभर त्याने चार माणसांत दुसऱ्यांचं हसं केलं होतं; आज ती पाळी त्याची होती, आणि एलीशाभावोजी त्या पावसात छत्रीशिवाय का गेले, ते त्याला पहिल्यांदा अंगभर कळलं. त्यालाही तसंच निघून जावंसं वाटलं. फाटक दहा पावलांवर होतं. पण सोमवारी ती जाणार होती.

"कुलूप मी लावलं," तो म्हणाला.

कुवारबावचे तरुण पाळक मधे पडायला पुढे आले. रूथने हात वर करून त्यांना अडवलं.

"कमिटीने नाही लावलं. त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मी उघडणार होतो. पत्रिका शेजारणीच्या हातून आली म्हणून मला राग आला, आणि मी लावलं. मग ते कमिटी कमिटी म्हणाले, तर मी गप्प बसलो. मला बरंच वाटलं ते." त्याला धाप लागली. "त्याच्या आधी भावोजींना हसलो ते पण मीच. उर्वी, तुला उन्हात उभं केलं मी. माझी भाची असून. मला माफ करा म्हणायलासुद्धा तोंड नाही मला, पण म्हणतो. माफ करा मला, दोघी."

खाली भाट्याच्या बाजूने समुद्राची गाज तेवढी येत होती.

आधी उर्वी बोलली. "मामा, तुझा फोन बंद होता. मी स्वतः लावत होते, नवरीच्या वेषात. सगळे म्हणत होते मामाने केलान हे, मी म्हणत होते शक्य नाही, तो अडकला असेल कुठेतरी, येईल. पाळकांनी शपथ म्हणवून घेईपर्यंत मी रस्त्याकडे बघत होते." तिने आईचा दंड आणखी घट्ट धरला. "आज कळतंय की सगळे खरं बोलत होते."

"आणि पत्रिका," रूथ म्हणाली. "पत्रिका द्यायला मी आले होते. पहिली पत्रिका तुझीच काढली होती, हळदीचं बोट लावून. तुझ्या पायरीपर्यंत आले. आत पाहुणे होते तुझ्याकडे, आणि तू त्यांना ह्यांची नक्कल करून दाखवत होतास. तबक कसं धरलं, तोंड कसं पडलं. लोक पोट धरून हसत होते. मी तशीच मागे फिरले. परत यायला पाय उचलेना, म्हणून शेजारणीला धाडलं."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याने किती वेळा ती नक्कल केली होती, आणि कुणाकुणासमोर! त्यातली नेमकी कुठली तिने ऐकली, हे आठवतसुद्धा नव्हतं. तो गवतात तसाच खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला, इस्त्रीच्या सदऱ्यासकट.

"उठ," रूथ म्हणाली. तो उठला नाही. "अरे उठ, दव आहे. सांधे धरतील."

"धरू देत."

उर्वी दोघांकडे बघत होती. "मामा, एक सांगू? आईने माझ्या लग्नापासून प्रभुभोजन घेतलेलं नाही."

"उर्वी! गप्प बस मेले."

"नाही बसणार. हॉलवर सगळ्यांना सांगते, पित्ताचा त्रास आहे, उपाशीपोटी आंबट चालत नाही. मी आल्या आल्या डॉक्टरांकडे नेलं तर पित्तबित्त काही नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, भावाशी अबोला आहे, आमच्या बाबांना चाललं नसतं."

शांतवनने ओलं तोंड वर केलं. "तूपण?"

"तूपण म्हणजे?"

"मला शुगर आहे."

"तुला शुगर? कधीपासून?" रूथच्या आवाजात धस्स झाल्याचं ऐकू आलं.

"नाही गो. नाहीच. तसं सांगितलंय लोकांना."

इतकी वर्षं त्याला वाटत होतं, ती तिकडे सुखाने मेजाशी जात असेल, तिच्या बाजूला न्याय होता म्हणून. आणि तिला वाटत होतं, हा इकडे निर्लज्जासारखा घास घेत असेल. शहराच्या दोन टोकांना, एकाच रविवारी, दोघं तबक पुढे सरकवत बसले होते.

"पित्त बरं सुचलं तुला," तो नाक पुसत म्हणाला. "मला शुगरपायी लोकांच्या लग्नात जिलबी सोडावी लागली."

रूथला हसू फुटलं, आणि ते अर्ध्यातच मोडलं. तिने पदर तोंडाला लावला. पाठमोरी झाली. तिच्या मंडळीतली एक बाई डोळे टिपत होती, तिचंही तिकडच्या देवळात कुणीतरी असणार.

"ताई, सोमवारी जातेयस."

"हो."

"माफ केलंस?"

तिने पदर खांद्यावर सारखा केला. मग वळली. "नाही रे, शांत्या. खोटं कशाला बोलू? उर्वीकडे बघितलं की अजून मला ते ऊन दिसतं. ह्यांचं तोंड दिसतं. तोंडाने म्हणेन माफ केलं, पण आतून यायचंय अजून. येईल की नाही, ते पण मला ठाऊक नाही."

त्याने मान हलवली. एवढं तर त्याला मान्यच करावं लागणार होतं. शांत्या म्हणाली, हेच किती होतं.

"इथलं झालं की हॉलवर मेज आहे," ती म्हणाली. "चालशील? तुझ्या कमिटीला चालेल?"

"कमिटी गेली खड्ड्यात," तो बोलून गेला, आणि तिघांतले दोघे खरोखरच पलीकडच्या रांगेत निजलेले आहेत हे आठवून त्याने जीभ चावली. "पण ताई, तुझं मन अजून नाही म्हणतंय. मग कसं बसायचं मेजाशी? बाबा काय म्हणतील?"

रूथने हातातले गजरे उर्वीकडे दिले. खाली वाकली, एक हात गुडघ्यावर ठेवून, दुसरा त्याच्यापुढे केला.

"बाबांना काय सांगायचं ते मी सांगेन," ती म्हणाली. "भूक लागलीय रे मला. फार वर्षांची भूक लागलीय. उठ."

तो तिचा हात धरून उठला.